ईव्हेत गिल्बेर : गीत, अभिनय आणि इतिहासाचे साधन

गायकनटांच्या कलेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण साधनांची असते. प्रयोग संपला की कलाही संपते. मागे उरतात ती चित्रे, वृत्तपत्रीय अभिप्राय, आठवणी आणि क्वचित ध्वनिमुद्रिका. या साधनांपैकी एखादे फार प्रभावी असले, तर ते इतरांवर मात करते आणि कलावंताचे सारे चरित्र त्याच्याच प्रकाशात पाहिले जाऊ लागते. फ्रेंच लोकप्रिय गायिका आणि अभिनेत्री ईव्हेत गिल्बेर (१८६५–१९४४) हिच्या बाबतीत नेमके हेच घडले. तिचे नाव निघताच चित्रकार तूलूझ-लोत्रेक याने रेखाटलेले लांब काळे हातमोजे डोळ्यांपुढे उभे राहतात. परिणामी तिच्या कारकीर्दीचे दोन तुकडे पाडण्याचा प्रघात पडला : १९०० पूर्वीची उपरोधिक, धीट गीतांची गायिका आणि त्यानंतरची प्राचीन गीतांची संग्राहिका. ही विभागणी कितपत यथार्थ आहे, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

ज्या संस्थेतून गिल्बेर पुढे आली, तिचे स्वरूप आधी ध्यानात घ्यावयास हवे. 'कॅफे-काँसेर' म्हणजे जेथे प्रेक्षक मद्यपान व धूम्रपान करीत गाणी ऐकत, अशी जागा. १८६४ च्या हुकुमाने फ्रान्समध्ये नाट्यगृहे काढण्यास मोकळीक मिळाली. कॅफे-काँसेरमधील कलावंतांवर वेषभूषा व रंगसाहित्य यांबाबत जे निर्बंध होते, तेही १८६७ मध्ये सैल झाले. गीतांचे शब्द मात्र आधी परीक्षकांकडून संमत करून घ्यावे लागत. ही पद्धत १९०६ पर्यंत टिकली. गडबडीतल्या श्रोत्यांचे लक्ष वेधण्यासाठी गायक-गायिका मोठा आवाज, भडक हावभाव आणि विदूषकी वेष यांचा आश्रय घेत. शब्दांना तेथे फारसे मोल नव्हते.

गिल्बेरचा जन्म २० जानेवारी १८६५ रोजी पॅरिसमध्ये झाला. तिचे बालपण दारिद्र्यात गेले. आईबरोबर शिवणकाम करून आणि पुढे एका मोठ्या दुकानात कपड्यांची प्रतिकृती-कन्या म्हणून उभी राहून तिने उपजीविका केली. नंतर नाट्यगृहांतून तिला दुय्यम भूमिका मिळाल्या, पण तेवढ्यावर निर्वाह होण्यासारखा नव्हता, म्हणून ती गीतगायनाकडे वळली. तिचा आवाज असामान्य नव्हता, बांधा कृश होता आणि त्या काळच्या रुचीप्रमाणे ती रूपवतीही गणली जात नव्हती. पण याच उणिवांतून तिने आपली पद्धती सिद्ध केली. साधा पोषाख, तांबूस केस, उंच मान आणि काळे हातमोजे एवढेच तिचे रंगसाहित्य. हे हातमोजे निवडण्याचे कारण, तिने स्वतःच सांगितल्याप्रमाणे, काटकसर हे होते. ती रंगमंचावर जवळजवळ निश्चल उभी राही आणि प्रत्येक शब्द स्वच्छ उच्चारी. गाणारी नव्हे तर 'सांगणारी', हे तिला लाभलेले अभिधान त्यावरूनच आले.

या पद्धतीला अनुरूप शब्द तिला क्झान्रोफ याच्या गीतांत सापडले. हा मूळचा वकील. त्याचे आडनाव फुर्नो, म्हणजे भट्टी, आणि त्याच अर्थाचा लॅटिन शब्द उलट्या क्रमाने लिहून त्याने हे टोपणनाव घेतले होते. त्याच्या 'ल फियाक्र' या गीतात भाड्याच्या बग्गीतून प्रियकरासह जाणाऱ्या पत्नीचा आवाज रस्त्यावरचा पती ओळखतो आणि त्याच बग्गीखाली चिरडला जातो. गिल्बेर हा प्रसंग निर्विकार मुद्रेने सांगे. उपरोध श्रोत्याने स्वतः ओळखावयाचा असे. उलट झ्यूल झुई याच्या 'ला सूलार्द' या गीतात रस्त्यावरची पोरे जिची हेटाळणी करतात, त्या मद्यपी स्त्रीचे दुःख ती उभे करी. दोन्ही ठिकाणी गीत हे तिच्या लेखी एक लहानसे नाटकच होते.

१८९० च्या सुमारास मूलाँ रूझ आणि दिव्हाँ जापोने या स्थळी तिचा लौकिक वाढला. १८९३ मधील 'दिव्हाँ जापोने' या जाहिरातचित्रात लोत्रेकने तिचे मस्तक चौकटीबाहेर ठेवले. केवळ हातमोज्यांवरून ती ओळखू येते. १८९४ मध्ये गुस्ताव्ह झफ्रुआ याच्या लेखनासह निघालेल्या चित्रसंग्रहाच्या मुखपृष्ठावर तर नुसते हातमोजेच आहेत. आपल्याला इतके कुरूप करू नये, अशी विनंती तिने चित्रकाराला केली होती. तरीही त्या संग्रहाच्या शंभर प्रतींवर तिने स्वाक्षऱ्या केल्या. या चित्रांचे कलामूल्य वादातीत आहे. परंतु ज्या कलेचे मर्म उच्चारात होते, तिच्यातून शब्द वगळून केवळ चिन्ह उरावे, हा त्यांचा अपरिहार्य परिणाम होय.

१८९७ मध्ये तिने डॉ. मॅक्स शिलर यांच्याशी विवाह केला. शतकाच्या अखेरीस मूत्रपिंडाच्या विकाराने आणि शस्त्रक्रियांमुळे तिच्या कार्यात मोठा खंड पडला. त्यानंतर तिने मध्ययुगापासून अठराव्या शतकापर्यंतची फ्रेंच गीते जुन्या ग्रंथांतून शोधली आणि त्या त्या काळाच्या वेषात, विवेचनासह सादर केली. १९१५ ते १९२२ या काळात ती न्यूयॉर्क येथे होती. तेथे तिने नाट्यशिक्षणाची शाळा चालवली आणि १९१९ मध्ये 'गिबूर' हे चौदाव्या शतकातील चमत्कारनाट्य रंगभूमीवर आणले. तिने या गीतांना आधुनिक वाद्यसाथ दिली असल्यामुळे तिच्या कार्याला काटेकोर पाठसंशोधन म्हणता येणार नाही. तथापि ग्रंथालयात मिटून पडलेली गीते तिने पुन्हा मानवी कंठात आणली, हे श्रेय तिचेच.

यास कारकीर्दीतील विच्छेद म्हणावे काय? 'मादाम आर्तुर' हे पहिल्या कालखंडातील तिचे गाजलेले गीत पॉल द कॉक या आधीच्या पिढीतील लेखकाचे असून, त्याला चाल तिने स्वतः लावली होती. विस्मृत शब्दांना पुन्हा बोलके करण्याचा तिचा व्यवसाय तेव्हाच सुरू झाला होता. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गीतगायनाच्या कलेवरील तिच्या पुस्तकातही दोन्ही प्रकारच्या गीतांना एकच तत्त्व लावलेले आहे : प्रथम शब्दांचा अर्थ, मग पात्र आणि शेवटी स्वर. नटाने स्वतःचे व्यक्तिमत्त्व बाजूस सारून दुसऱ्याचे धारण करावे, असे तिचे मत होते. तिचा चाहता व स्नेही सिग्मंड फ्रॉइड याने मार्च १९३१ मधील पत्रव्यवहारात याविषयी शंका घेतली. नटाच्या स्वतःच्याच दडपलेल्या वा अविकसित राहिलेल्या प्रवृत्ती भूमिकेतून प्रकट होत असाव्यात, असा त्याचा तर्क होता. या वादाचा निर्णय काहीही होवो, गिल्बेर स्वतःला प्रामुख्याने अभिनेत्री समजत होती, हे त्यावरून स्पष्ट होते. मुर्नाउच्या 'फाउस्ट' (१९२६) आणि मार्सेल लेर्बिएच्या 'लार्झाँ' (१९२८) या मूकपटांत तिने भूमिका केल्या. जिची कीर्ती उच्चारावर उभी होती, तिने केवळ मुद्रेवर भूमिका पेलल्या.

दुसऱ्या महायुद्धात ती आपल्या ज्यू पतीसह एक्स-आं-प्रोव्हांस येथे हलाखीत राहिली आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये, फ्रान्स मुक्त होण्यापूर्वीच, तेथे निवर्तली. १९३० नंतरच्या दशकात तिने 'ल फियाक्र' आणि मध्ययुगीन भक्तिगीते ही दोन्ही ध्वनिमुद्रित केली होती. या ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून ऐकल्यास शब्दांवरील तोच भर, तेच विराम आणि एकाच कंठातून निघणारी अनेक पात्रे प्रत्ययास येतात. चित्रांनी जी विभागणी रूढ केली, तिला या साधनाचा आधार मिळत नाही. गिल्बेरचे चरित्र लिहिताना चित्राआधी आवाजाची साक्ष काढली पाहिजे.