एक दप्तर, अनेक हक्कदार: बुलढाणा जिल्ह्यातील महसुली नोंदी आणि संगणकातील परवानग्या

सामाईक नोंदी सांभाळणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी द्यावी लागतात: नोंद कोणी वाचावी, तीत फेरबदल कोणी करावा, आणि ती जेथे ठेवली आहे त्या जागेपर्यंत कोणाला जाऊ द्यावे. लिनक्स प्रणालीच्या संगणकावर एखादा फोल्डर, म्हणजे फायलींचा एकत्र ठेवलेला संच, दोघा-चौघांसाठी खुला करताना हेच प्रश्न उभे राहतात, आणि ‘परवानगी नाही’ एवढाच संदेश दाखवून संगणक थांबतो तेव्हा बहुधा या तिन्हींपैकी एकाचे उत्तर द्यायचे राहून गेलेले असते. हा पेच संगणकाहून कितीतरी जुना आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या महसुली दप्तराचा इतिहास पाहिला असता हे तीन हक्क प्रथम एकाच घरात कसे एकवटले होते, पुढे ते एकमेकांपासून कसे सुटे झाले आणि ते सुटे करताना कोणत्या अडचणी आल्या, याचे दर्शन घडते.

‘आईन-ए-अकबरी’मध्ये वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत, म्हणजे सुभ्याखालील मोठ्या महसुली विभागांत, मेहकरचे नाव येते. सरकाराखाली परगणे असत; परगण्यात देशमुखाकडे वसुलीची आणि देशपांड्याकडे लेखनाची जबाबदारी असे, तर गावपातळीवर हीच विभागणी पाटील आणि पांड्या, म्हणजे गावचा हिशेबनीस, यांच्यात होई. सिंदखेडची देशमुखी जाधव घराण्याकडे होती, हे जिजाबाईंच्या माहेरामुळे सर्वपरिचित आहे. ही सारी पदे वतनी, म्हणजे वंशपरंपरेने चालणारी असल्यामुळे दप्तरही घराण्याच्या ताब्यात राहत असे. रुमालात बांधलेले कागद लिहिणाराच वाचीत असे, तोच सांभाळीत असे आणि वाद झाल्यास त्याच्याच कागदावरून निवाडा होत असे. कुणब्याला स्वतःच्या जमिनीची नोंद पाहायची झाली तरी दप्तर असलेल्या वाड्याचा उंबरा आधी ओलांडावा लागे, आणि त्या उंबऱ्यावर हक्क कोणाचा हे जातीने व प्रतिष्ठेने ठरलेले असे. या व्यवस्थेने लेखनाची शिस्त पिढ्यान् पिढ्या टिकवली, हे मान्य करूनही लिहिण्याचा, वाचण्याचा व ताब्याचा हक्क एकाच हाती असणे हा तिचा मूळ दोष होता, असेच म्हणावे लागते.

18व्या शतकात या दप्तरावर एकाऐवजी दोन सत्तांचा हक्क आला. 1719 मध्ये मोगल दरबाराकडून मराठ्यांना दक्षिणेच्या सहा सुभ्यांतील चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी, म्हणजे दहावा हिस्सा, वसूल करण्याच्या सनदा मिळाल्या होत्या, आणि या सहा सुभ्यांत वऱ्हाड होता. पुढे 11 ऑक्टोबर 1724 रोजी आजच्या सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे निजाम-उल-मुल्काने मोगल सुभेदार मुबारिझखानाचा पराभव केला आणि दक्षिणेत निजामाची सत्ता जवळजवळ स्वतंत्र झाली. तेव्हापासून वऱ्हाडातील गावांवर निजामाचे अंमलदार आणि मराठ्यांचे, पुढे विशेषतः नागपूरकर भोसल्यांचे, अंमलदार अशी दुहेरी वसुली चालू झाली; तिलाच दोअमली म्हणत. गाव एक, पीक एक, पांड्याचे दप्तरही एक, परंतु त्यावर मागणी करणारे दोन, आणि दोघांच्या अधिकाराचा उगम वेगवेगळ्या सनदांत. एकाने दिलेली सूट दुसऱ्यावर बंधनकारक नसे, त्यामुळे रयतेला दोन्ही दारी तोंड द्यावे लागे. 17 डिसेंबर 1803 च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा हक्क सोडला, तेव्हा हा प्रकार औपचारिकरीत्या संपला.

लिनक्सवर सामाईक फोल्डर मांडणाऱ्यालाही दोन अंमलांशी गाठ पडते. सांबा नावाची आज्ञावली लिनक्समधील फोल्डर जाळ्यातील इतर संगणकांना, त्यात विंडोज असले तरी, उपलब्ध करून देते. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1990च्या दशकाच्या आरंभी तिची सुरुवात केली. सांबाची स्वतःची परवानगी असते आणि लिनक्सच्या फाइलव्यवस्थेची स्वतंत्र असते. सांबाने लिहिण्यास मुभा दिली तरी फाइलव्यवस्थेने ती नाकारली असेल तर लिहिता येत नाही, आणि याउलटही तसेच घडते. दोअमलीत दोन मागण्यांची बेरीज होत असे. येथे दोन्ही परवानग्यांत जी अधिक कडक असेल तीच लागू होते. सांबाचा संकेतशब्दही संगणकात शिरण्याच्या संकेतशब्दाहून वेगळा नोंदवावा लागतो. पुष्कळ जण एकच अंमल तपासतात, त्यात चूक सापडत नाही म्हणून गोंधळतात, आणि दुसरा तपासायचे त्यांना सुचत नाही.

संगणकाच्या जगात सामाईक हक्कांचा प्रश्न यंत्र महाग असण्यातून आला. 1960च्या दशकात एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे विकसित झाली. 1966 मध्ये तेथे दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन वेगळ्या फायली दुरुस्त करीत असताना तात्पुरत्या फायलींचे नाव एकच असल्यामुळे त्यांची अदलाबदल झाली, आणि संगणकात शिरणाऱ्या प्रत्येकाला दैनंदिन सूचनेऐवजी सर्वांचे संकेतशब्द छापून मिळाले. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये 1969 पासून रचलेल्या युनिक्स प्रणालीत परवानगीचा विचार आरंभीच होता. 1971 च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत फाइलचा मालक आणि मालक नसलेले असे दोनच वर्ग आढळतात; या दोहोंच्या मधला ‘गट’ हा तिसरा वर्ग पुढील काही वर्षांत आला. केवळ मालक आणि परके एवढ्यावर सामाईक काम चालत नाही, हे तेथील लोकांनाही अनुभवानेच कळले. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्स जाहीर केली तेव्हा मालक, गट व इतर ही त्रयी तिने युनिक्सकडून जशीच्या तशी घेतली.

बुलढाण्याच्या दप्तरात असा मधला वर्ग निर्माण होण्यास 1853 नंतरचा काळ यावा लागला. त्या वर्षी निजामाने वऱ्हाड ब्रिटिशांच्या व्यवस्थापनाखाली दिले, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी, म्हणजे प्रत्येक शेताचे मोजमाप करून थेट कसणाऱ्याच्या नावे आकारणी करण्याची पद्धत, येथे आली. परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांचे महसुली काम संपले. गावचे पाटील आणि पटवारी, म्हणजे पूर्वीचे पांड्ये, मात्र राहिले. नोंद पटवाऱ्याने लिहावी आणि ती वरच्या अधिकाऱ्याने तपासावी, हा नियम रुजला, आणि त्याबरोबर दप्तर घराण्याचे नसून सरकारचे आहे ही कल्पनाही रुजली. 1905 मध्ये वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना होऊन खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून बुलढाण्यात आले. गावे जागची हलली नाहीत, त्यांचे वरिष्ठ कार्यालय तेवढे बदलले. परंतु त्यामुळे जुन्या कागदांचा माग काढणाऱ्याला कोणत्या काळी कोणता जिल्हा हे आधी ठरवावे लागते. संगणकातही एखादा फोल्डर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवला तर आतल्या फायलींचे जुने मालक व गट बहुधा तसेच राहतात आणि वरच्या फोल्डरचे नियम मात्र बदलतात. तेथेही बिघाडाचा शोध या स्थलांतरापासून सुरू करणे श्रेयस्कर ठरते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी वऱ्हाड मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिने हक्कांची विभागणी जितक्या बारकाईने केली आहे, तितकी तिच्या आधी येथे क्वचितच झाली असेल. जमिनीत हक्क मिळवणाऱ्याने 3 महिन्यांच्या आत, पटवाऱ्याच्या जागी आलेल्या तलाठ्याला कळवावे. तलाठ्याने ती खबर गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, लिहावी. तिची पूर्ण प्रत चावडीवर ठळक जागी लावावी आणि हितसंबंध असलेल्या प्रत्येकाला लेखी नोटीस द्यावी. हरकत आल्यास ती गाव नमुना 6-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत उतरवावी. आणि हरकत नसल्यास अथवा तिचा निकाल लागल्यावर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी. प्रमाणित झाल्यावरच ती सातबाऱ्यावर, म्हणजे अधिकार अभिलेखाच्या नमुना 7 व पिकांच्या नमुना 12 यांच्या जोडपत्रकावर, येते. येथे लिहिणारा तलाठी आहे, पण केवळ त्याच्या लिहिण्याने हक्क सिद्ध होत नाही. वाचण्याचा हक्क चावडीवर येणाऱ्या सर्वांना आहे, पण खोडण्याचा कोणालाच नाही. चूक दुरुस्त करायची तर तिच्यासाठी वेगळा आदेश आणि वेगळी नोंद लागते, जुनी ओळ कंस करून तशीच राहते. देशपांड्यांच्या वाड्यातील रुमालापासून चावडीच्या भिंतीवरील नोटिशीपर्यंतचा हा प्रवास, या जिल्ह्याच्या प्रशासनाच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा बदल मानावा लागतो.

याच संहितेत केवळ विदर्भाला लागू असलेल्या निस्तारपत्रकाच्या तरतुदी आहेत. निस्तारपत्रक म्हणजे गावातील कोणाच्याही ताब्यात न दिलेल्या जमिनीच्या व्यवस्थापनाची योजना. गुरे कोणत्या अटींवर चरावीत, लाकूड, जळण, मुरूम, माती, दगड रहिवाशांनी कोणत्या मर्यादेत न्यावेत, हे त्यात ठरते. बुलढाण्यात ‘ई-क्लास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरकारी चराईच्या जमिनीवर आज ठिकठिकाणी अतिक्रमणाचे वाद दिसतात. जमिनीची मालकी सरकारची आणि वापर गावाचा, अशी विभागणी जेथे स्पष्टपणे पाळली जात नाही, तेथे मधल्या वर्गाचा हक्क सर्वांत आधी बुडतो, हेच त्यांतून उघड होते.

संगणकावर हा मधला वर्ग बुडू नये म्हणून काय करावे लागते, हे थोडे जवळून पाहणे आवश्यक आहे. खामगाव किंवा चिखलीसारख्या गावातील एखाद्या कर सल्लागाराच्या कार्यालयात तिघांनी एका लिनक्स संगणकावरील हिशेबाचा फोल्डर वापरायचा आहे, असे गृहीत धरावे. लिनक्समध्ये वाचण्याला 4, लिहिण्याला 2 आणि फोल्डरच्या आत शिरण्याला 1 असे मूल्य असते. त्यांची बेरीज मालक, गट व इतर या क्रमाने मांडली जाते. 750 म्हणजे मालकाला सर्व हक्क, गटाला वाचणे व शिरणे, इतरांना काहीच नाही. फोल्डर स्वतः पूर्ण खुला असला, तरी त्याच्या वरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये शिरण्याचा हक्क असल्याखेरीज त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही, आणि बहुसंख्य तक्रारींचे मूळ येथेच असते. उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय आवृत्तीने एप्रिल 2021 पासून नव्या वापरकर्त्याचा घरचा फोल्डर 750 या परवानगीने निर्माण करण्यास सुरुवात केली. तो बदल सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच होता, परंतु घरच्या फोल्डरच्या आत सामाईक फोल्डर ठेवण्याची सवय असलेल्यांची कामे त्यामुळे अडू लागली. यावर घराचे दार सर्वांना उघडणे हा उपाय नव्हे. सामाईक फोल्डर घराबाहेर स्वतंत्र जागी नेणे हा आहे.

तपासणी बाहेरून आत करावी, हा क्रम म्हणूनच हितावह आहे: आधी जाळ्यातून संगणक दिसतो का, मग सांबाची परवानगी, मग वरच्या फोल्डरांचा प्रवेश, मग फोल्डरचा गट, आणि शेवटी फाइल. तिघांसाठी एक गट करून फोल्डर त्या गटाच्या नावे केला आणि त्याला 2775 ही परवानगी दिली, तर आरंभीच्या 2 या अंकामुळे आत निर्माण होणारी प्रत्येक नवी फाइल त्याच गटाची होते; एरवी ती लिहिणाऱ्याच्या वैयक्तिक गटाची होऊन सहकाऱ्याला बंद पडते. गटाची फाइल असूनही सहकाऱ्याला लिहिता येत नसेल, तर नव्या फाइलवर आपोआप लागणारी वजावट, जिला उमास्क म्हणतात, ती 022 ऐवजी 002 करावी लागते. नव्या सदस्याला गटात घेतल्यावर त्याने संगणकातून बाहेर पडून पुन्हा शिरेपर्यंत त्या सदस्यत्वाचा परिणाम होत नाही. विंडोजच्या पद्धतीने आखलेल्या चकतीवर लिनक्सचे मालक-गट बहुधा नोंदलेलेच नसतात, त्यामुळे तेथे सीएचमॉड ही परवानगी बदलणारी आज्ञा देऊन काही साधत नाही. ती चकती जोडतानाच हक्क सांगावे लागतात. या साऱ्याला कंटाळून सर्वांना सर्व हक्क देणारी 777 ही परवानगी लावण्याचा मोह होतो, आणि तिने काम तात्काळ चालूही होते; परंतु मग फाइल कोणी बदलली वा पुसली याची जबाबदारी कोणावरच राहत नाही, आणि मूळ अडचण कोठे होती हेही कळेनासे होते.

महसुली दप्तर आता स्वतःच संगणकावर आले आहे. ई-फेरफार प्रणालीत तलाठी व मंडळ अधिकारी यांचे प्रवेशाधिकार वेगळे ठेवले आहेत, म्हणजे लिहिणे आणि प्रमाणित करणे ही जुनी विभागणी यंत्रातही कायम राहिली. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागल्याने वाचण्याचा हक्क चावडीच्या वेळेपासूनही मोकळा झाला. त्यानंतरचा बदल अधिक मूलगामी आहे. 15 ऑगस्ट 2021 रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र काढतो आणि सोयाबीन, कापूस, तूर जे असेल ते नमुना 12 साठी नोंदवतो. तलाठ्याकडे त्यांपैकी 10 टक्के नोंदींची पडताळणी राहिली. मेहकर सरकारच्या काळापासून पीकपाण्याची नोंद कसणाऱ्याच्या वतीने दुसऱ्याच कोणी केली होती. आता ती कसणाराच करतो, आणि त्यात चूक झाल्यास ठरावीक मुदतीत ती एकदा दुरुस्त करण्याचा हक्कही त्याच्याकडे आहे.