सपाट पडद्याचा दूरचित्रवाणी संच
थोड्या जाडीचा, भिंतीवर टांगता येण्याजोगा दूरचित्रवाणी संच. ऋण किरण नलिकेच्या जुन्या संचात इलेक्ट्रॉन शलाका पडद्याच्या कडांपर्यंत वळविण्यासाठी नलिका लांब ठेवावी लागे. त्यामुळे पडदा मोठा केला की संचाची खोली व वजनही वाढे. ३२ इंची संच ५० किग्रॅ.हून जड असे आणि त्याची घरातील जागा बहुधा कोपऱ्यात ठरलेली असे.

डॉनल्ड बिट्झर, जीन स्लॉटो व रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात प्लाझ्मा (आयनद्रायू) पडदा तयार केला. तो घरगुती करमणुकीसाठी नव्हे, तर ‘प्लेटो’ या संगणकीय अध्यापन प्रणालीसाठी होता. द्रव स्फटिकाचा पडदा जॉर्ज हाइलमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्‌सीए कंपनीत विकसित केला व १९६८ मध्ये तो जाहीर झाला. तथापि त्याचा व्यापारी लाभ प्रामुख्याने जपानी कंपन्यांनी उठविला. शार्प कंपनीने १९८८ मध्ये १४ इंची रंगीत द्रव स्फटिक पडदा सिद्ध केला. फुजित्सू कंपनीचा २१ इंची रंगीत प्लाझ्मा पडदा १९९२ मधील होय.

प्लाझ्मा पडद्यातील प्रत्येक सूक्ष्म कोष्ठ स्वतः प्रकाशतो. द्रव स्फटिक मात्र पाठीमागून येणारा प्रकाश केवळ अडवितो वा सोडतो. हा अडथळा पूर्ण नसल्याने काळा रंग करडा दिसतो. अंधाऱ्या खोलीत प्लाझ्माचे चित्र निःसंशय सरस होते. परंतु विक्रीच्या दुकानात झगझगीत दिवे असत आणि तेथे अधिक उजळ द्रव स्फटिक पडदाच ग्राहकाच्या नजरेत भरे. शिवाय त्यास वीज कमी लागे व स्थिर चित्राचा डाग त्यावर सहसा उमटत नसे. २००७ च्या अखेरीस जगातील विक्रीत द्रव स्फटिक संचांनी ऋण किरण नलिकेच्या संचांना मागे टाकले, तर पॅनासॉनिक कंपनीने २०१३ मध्ये प्लाझ्मा पडद्यांचे उत्पादन थांबविले. स्वयंप्रकाशी कोष्ठांचे तत्त्व सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक डायोडांच्या (ओएलईडी) पडद्यात पुन्हा अवतरले. सोनी कंपनीचा असा ११ इंची संच २००७ मध्ये विक्रीस आला.

दुकानातील हा भ्रम घरीही येतो. प्रदर्शनासाठी योजलेली अतितेजस्वी, निळसर मांडणी अनेक घरांत तशीच राहते; वास्तविक चित्राचा पांढरा रंग सु. ६,५०० के. रंग तापमानास अनुरूप असावयास हवा. खिडकी पडद्यासमोर नसावी. पडद्याचा मध्य बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या पातळीजवळ असावा. भिंतीवर उंच टांगलेला संच मानेस त्रासदायक ठरतो. पडद्याचे माप कर्णाचे असते, मात्र अंतर उंचीवरून ठरते. एन्‌एच्‌के या जपानी संस्थेच्या संशोधनात १,०८० रेषांच्या चित्रासाठी उंचीच्या तिप्पट अंतर योग्य मानले आहे. ५५ इंची पडद्याची उंची सु. ६८ सेंमी. असल्याने हे अंतर सु. २ मी. भरते. २,१६० रेषांच्या चित्रास त्याच्या निम्मे पुरते. जुन्या ६२५ रेषांच्या प्रक्षेपणाचे चित्र मात्र एवढ्या जवळून फिसकटलेले दिसते, आणि ४ : ३ प्रमाणाचे चित्र १६ : ९ पडद्यावर ताणल्यास माणसे रुंद दिसतात. याकरिता चित्राचे मूळ प्रमाण कायम ठेवून दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहू द्याव्या लागतात.