शुक्रवारची कमाई कुणाची?

बाराव्या शतकाची अखेर. तुम्ही फुस्तातमध्ये आहात, कैरोच्या दक्षिणेला, नाईलच्या काठी. जुन्या रोमन किल्ल्याच्या वेशीवर कॉप्टिक ख्रिश्चनांचं चर्च आहे, किल्ल्याच्या आत ज्यूंचं सिनेगॉग आणि बाहेर थोड्या अंतरावर अम्र इब्न अल-आसची मशीद. तिन्हीकडे पायी जाऊन याल. गल्लीत मात्र सगळीकडे अरबीच ऐकू येते. ज्यू व्यापारी पत्रं लिहितात तीही अरबीतच, फक्त अक्षरं हिब्रू.

काचेच्या कारखान्यात शिरा. भट्टीची धग तोंडावर येते. फुंकणीच्या टोकाला लालभडक गोळा फुगतो आहे. भट्टी नि हत्यारं सामाईक, भागीदारांत काही ज्यू, काही मुस्लिम. आज शुक्रवार, म्हणून आजची सगळी कमाई ज्यूंची. उद्या शब्बाथ, ज्यू कामाला हात लावणार नाहीत; उद्याची कमाई मुस्लिमांची. सोनारांच्या दुकानांतही अशीच वाटणी चालते. हे कोणा सुलतानाच्या फर्मानानं ठरलेलं नाही. रोज एकत्र काम करणाऱ्यांनी आपसात बसून ठरवलं आहे.

पण ज्यू भागीदाराच्या मनात एक शंका आहे. शब्बाथला भट्टी चालू राहते, ती आपलीही आहे. हे धर्माला चालेल का? प्रश्न कागदावर उतरतो.

तो कागद घेऊन भागीदार निघण्याआधी त्याच्या कमरेची थैली पाहा. तिच्यात जिझिया भरल्याची पावती आहे. मुस्लिम भागीदाराला हा कर नाही. ज्यूला नि कॉप्टाला आहे, आणि ज्याची ऐपत नाही तो वसुलीवाला आला की लपून बसतो. खजिन्याच्या दफ्तरात हिशेब लिहिणाऱ्यांत कॉप्ट कारकून पुष्कळ. सरकार त्यांच्यावाचून चालत नाही, तरी कर त्यांनाही सुटत नाही. किल्ल्यातलं सिनेगॉग खलिफा अल-हाकिमच्या काळात, १०१२ च्या सुमारास पाडलं गेलं होतं; ते पुन्हा उभं राहिलं. या काळाला कुणी सुवर्णयुग म्हणतं, कुणी निव्वळ छळाचा काळ. मला दोन्ही वर्णनं अपुरी वाटतात. कायदा विषम होता आणि भट्टी सामाईक होती. एक पाहताना दुसरं नजरेआड केलं तर या माणसांवर अन्याय होतो.

आता ज्यू धर्मशास्त्राचा जाणकार मुसा इब्न मैमून याच्या दारात या. पुढं युरोप त्याला मायमोनिडीझ म्हणेल. अल्मोहाद या मुस्लिम राजवटीनं ज्यू-ख्रिश्चनांना धर्म सोडायला भाग पाडलं, तेव्हा त्याच्या घरच्यांना स्पेनमधलं कोर्डोबा सोडावं लागलं. मुस्लिम राज्यातून निघालेला हा माणूस दुसऱ्या मुस्लिम राज्यात दरबारी वैद्य झाला आहे. त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड जवाहिऱ्या होता. हिंदुस्थानच्या वाटेवर समुद्रात बुडाला. त्या दुःखानं मुसानं जवळजवळ वर्षभर अंथरूण धरलं होतं.

दुपार टळली तरी तो कैरोच्या राजवाड्यातून परतलेला नाही. बाहेरच्या दालनात गर्दी आहे: ज्यू, परधर्मी, न्यायाधीश, शिपाई, मित्र, वैरीही. तो येतो, जनावरावरून उतरतो, हात धुतो आणि थांबलेल्यांची विनवणी करतो, दोन घास खाऊ द्या. चोवीस तासांतलं त्याचं हे एकच जेवण. मग रात्र होईपर्यंत औषधं लिहून देतो. शेवटी बसवत नाही म्हणून आडवा होतो आणि पडल्यापडल्याच रोग्यांशी बोलतो.

कारखान्याचा प्रश्नही याच माणसापुढं येतो. त्याला ठाऊक आहे, वाटणी मोडली तर धंदा मोडेल, आणि शब्बाथ मोडला तर समाज. त्याचं उत्तर अरबीत येतं: तुम्ही ठरवलेली वाटणी चालेल.