बूट कोण निवडतं, पाय की जाहिरात?

  ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोलणं आहे तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं", "म्हणजे" काढून टाकले.

आजचा विषय बूट. हसू नका! पोलीस भरतीची तयारी करणारे बरेच श्रोते एकच प्रश्न विचारून राहिले: "भाऊ, महागडा बूट घेतल्याशिवाय १६०० मीटर निघणारच नाही का?" प्रश्न साधा नाही. मैदानी चाचणीचे ५० गुण. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याचे २० गुण. चाचणीच्या आधी नडगी दुखायला लागली की अख्खी भरती हातची जाते. आणि घरून मिळालेले पैसे एकदाच मिळतात. म्हणून आज उत्तर शोधायला इतिहासात जाऊ. बुटांच्या बाबतीत कोणी काय सांगितलं, आणि त्यातलं खरं किती निघालं?

पुणे, १९१९

सुरुवात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यापासून. सर दोराबजी टाटा या संस्थेचे अध्यक्ष होते. पुढे १९२९ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना एक पत्र लिहिलं, त्यात या दिवसांची हकिगत आहे. जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये साधारण २५ मैलांची एक शर्यत असायची, तिला नाव दिलं होतं मॅरेथॉन. धावणारी मंडळी शेतकरी वर्गातली. पायात काही नाही, शास्त्रशुद्ध ट्रेनिंग नाही, खास खुराक नाही. तरी काहींच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या होत्या. ते पाहून टाटांच्या डोक्यात आलं की यांना ऑलिम्पिकला का पाठवू नये?

त्यातून १९२० मध्ये अँटवर्पला भारताचे सहा खेळाडू गेले. चार धावपटू आणि दोन पैलवान. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते १९ वे आले, वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. आणि त्या वर्षीची मॅरेथॉन आजच्यापेक्षा लांब होती बरं का, ४२.७५ किलोमीटर.

हे ऐकून काही जण लगेच म्हणतील, "बघा, बूट म्हणजे सगळी नाटकं! अनवाणीच बरं." थांबा. इथेच घोळ होतो.

अनवाणी धावणं ही दरवेळी आवड नसते. बारामतीच्या लता भगवान करे आठवतात? वय साठीच्या पुढे, नववारी लुगडं, पाय अनवाणी, आणि शर्यतीत पहिला नंबर. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून ही माउली धावली. २०२० मध्ये तिच्यावर मराठी सिनेमाही आला, आणि त्यात तिचं काम तिनेच केलं. तिच्या अनवाणी पायांचं कौतुक करताना आपण एक गोष्ट विसरतो, तिने कुठलं रनिंग शास्त्र वाचून चप्पल काढली नव्हती. गरिबीला कोणी टेक्निक म्हणायला लागलं की सावध व्हायचं.

दुसरं उदाहरण इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये मिळालेले बूट त्याच्या पायाला नीट बसेनात. सराव अनवाणी केलेला होताच, मग शर्यतही अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकला. ही गोष्ट सगळे सांगतात. पण चार वर्षांनी टोकियोत हाच बिकिला बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत परत जिंकला, हे फार कमी लोक सांगतात. म्हणजे बिकिलाला ना बुटाची भक्ती होती, ना अनवाणी असण्याची. पायाला जे बसलं ते त्याने घेतलं. एवढंच.

"सपोर्ट" हा शब्द कुठून आला?

आता अमेरिकेत जाऊ, कारण बुटाच्या दुकानात आज जे शब्द ऐकू येतात त्यातले बरेचसे तिकडून आलेत. १९७० च्या दशकात तिथे जॉगिंगची लाट आली. सामान्य लोक रस्त्यावर धावायला लागले. नायकीच्या बिल बॉवरमन यांनी घरातल्या वॉफल बनवायच्या साच्यात रबर ओतून सोल बनवला, तो याच काळात. मग टाचेखाली फोम आला, हवेची पिशवी आली. १९८७ मध्ये तर ती हवा बाहेरून दिसावी म्हणून सोलला खिडकी ठेवली. त्या खिडकीने धावण्यात किती फरक पडला ते सोडा, विक्रीत नक्की पडला.

बूट वाढले तसं विकायला कारणही लागलं. मग पायांचे प्रकार पाडले गेले. ओला पाय कागदावर ठेवा, ठसा बघा. पूर्ण ठसा उमटला तर पाय सपाट, तुम्हाला "मोशन कंट्रोल". मधला ठसा असेल तर "स्टॅबिलिटी". कमान उंच असेल तर "कुशन". ऐकायला एकदम सायंटिफिक. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला तर हे फारच आवडतं. तीन इनपुट, तीन आउटपुट, विषय संपला.

पण कोड चालतो की नाही हे टेस्ट केल्याशिवाय कळत नाही. ती टेस्ट अमेरिकन सैन्याने केली. २००९-१० च्या सुमारास आर्मी, एअर फोर्स आणि मरीन्स या तिन्ही दलांच्या नव्या भरतीवर प्रयोग झाले, आणि त्यात हजारो रिक्रूट होते. अर्ध्यांना पायाच्या ठशाप्रमाणे बूट दिले, उरलेल्यांना ठसा न बघता सरसकट स्टॅबिलिटी बूट. आपल्या भाषेत सरळ ए/बी टेस्टिंग. निकाल? दोन्ही गटांत दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच! ज्या ठशावर दुकानदार तुम्हाला बूट दाखवतो, त्या ठशाने दुखापत टळली नाही.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. २०१६ मध्ये लक्झेंबर्गच्या एका प्रयोगात, पाय आत झुकणाऱ्या धावपटूंना मोशन कंट्रोल बुटाचा फायदा दिसला. २०२० च्या प्रयोगात ८४८ धावपटू होते. त्यात कडक सोलवाल्यांना मऊ सोलवाल्यांपेक्षा जास्त दुखापती झाल्या. म्हणजे सोलमध्ये काहीच दम नाही असं नाही. पण "हा ठसा म्हणजे हाच बूट, नाहीतर गुडघा गेला" हा जो छातीठोकपणा आहे, त्याला पुरावा तेवढा नाही.

उलट्या दिशेची लाट

मग २००९ मध्ये "बॉर्न टू रन" हे पुस्तक आलं. मेक्सिकोतले ताराहुमारा लोक साध्या पातळ चपलांवर मैलोन्‌मैल धावतात, त्याची गोष्ट. पुस्तक तुफान चाललं, आणि बुटातून पाय मोकळे करा म्हणणाऱ्यांची लाट आली. लाट आली की दुकान येतंच. पाच बोटांचे वेगळे कप्पे असलेले व्हिब्रमचे बूट धडाक्यात विकले गेले. पायाचे स्नायू मजबूत होतात, दुखापत कमी होते, असे दावे झाले. त्यावर ग्राहक कोर्टात गेले, आणि २०१४ मध्ये कंपनीने ३७ लाख ५० हजार डॉलरची तडजोड केली. चूक मात्र मान्य केली नाही.

त्याच काळात "फक्त चाला आणि शेपमध्ये या" म्हणणारे बूटही आले होते. त्यांच्या दाव्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. रिबॉकने २०११ मध्ये अडीच कोटी डॉलर मोजले, स्केचर्सने २०१२ मध्ये चार कोटी.

गंमत बघा. आधी जाड सोल विकताना सांगितलं, "यानेच पाय वाचेल." मग पातळ सोल विकताना परत तेच, "यानेच पाय वाचेल." सोल बदलला, वाक्य तेच राहिलं.

टायगर वुड्सचा बूट

आता एक गोष्ट गोल्फची. गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा खेळ, आपल्याला काय, असं वाटेल. पण १८ होल चालत खेळायचे म्हणजे आठ-दहा किलोमीटरची पायपीट, चढउताराच्या गवतावर. वर प्रत्येक फटक्याला अख्खं शरीर पिळतं आणि त्याचा जोर पायावर येतो. म्हणून गोल्फच्या बुटाला पकड लागते. पूर्वी तळाला धातूचे खिळे असायचे, १९९० च्या दशकात प्लास्टिकचे मऊ स्पाइक आले.

टायगर वुड्स आणि नायकी हे नातं १९९६ पासून २०२४ पर्यंतचं. दोघांची नावं एका दमात घेतली जायची. फेब्रुवारी २०२१ मध्ये टायगरचा भीषण कार अपघात झाला आणि उजव्या पायात रॉड, प्लेट, स्क्रू बसले. एप्रिल २०२२ मध्ये तो ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेत परतला, तेव्हा त्याच्या पायात नायकीचे नाही, फुटजॉय या दुसऱ्या कंपनीचे बूट होते! अंगावर नायकीचे कपडे, पायात दुसऱ्याचा बूट. कारण त्याने साधं सांगितलं: पायाची हालचाल आता मर्यादित आहे, मला जास्त स्थिर उभं राहता येईल असं काहीतरी हवं होतं.

विचार करा. हवा तसा बूट बनवून मागू शकणारा माणूस. ज्याच्या नावावर दुनियेने बूट विकत घेतले तो माणूस. त्याचा पाय दुखला तेव्हा त्याने लोगो बघितला नाही, पाय काय म्हणतोय ते ऐकलं. आणि त्याला चालला म्हणून तोच बूट तुम्हाला चालेल, असंही नाही. त्याच्या पायात स्क्रू आहेत, तुमच्या पायात नाहीत.

मग ऐकायचं कोणाचं?

कॅनडाच्या कॅलगरी विद्यापीठात बेन्नो निग यांनी संशोधन केलं. बुटांचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्या गटाने २००१ मध्ये दोनशेहून अधिक सैनिकांवर एक प्रयोग मांडला. बुटात घालायचे सहा प्रकारचे तळवे समोर ठेवले आणि सांगितलं, सगळ्यात आरामदायी वाटेल तो तुम्हीच निवडा. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे निवडले. आणि ज्यांनी स्वतः निवडून वापरले, त्यांच्यात पायाच्या हाडांना तडे जाणं आणि दुखणं, तसे तळवे न वापरणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं. २०१५ मध्ये निग यांनी त्यावरून विचार मांडला की आराम ही चैन नाही, तो पायाचा स्वतःचा फिल्टर आहे. यावर संशोधकांमध्ये अजून वाद आहेत. पण पायाचा ठसा बघून भविष्य सांगण्यापेक्षा हे मला जास्त पटतं.

आणि किमतीचं काय? स्कॉटलंडच्या डंडीमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये स्वस्त, मध्यम आणि महाग असे तीन पातळ्यांचे रनिंग बूट तपासले. तळव्यावरचा दाब मोजला, घालणाऱ्यांना आराम विचारला. महागड्या बुटाने काही बाजी मारली नाही.

हो, मॅरेथॉनचे नवे कार्बन प्लेटवाले बूट खरंच वेग देतात. इतका की जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची जाडी ४० मिलिमीटरवर बांधावी लागली. पण ते शर्यतीच्या दिवसाचे बूट, लवकर झिजतात. रोज पहाटे मैदानावर घासायला ते नाहीत.

तर भरतीवाल्या मित्रमैत्रिणींनो, सीताबर्डीत बूट घ्यायला जाल तेव्हा एवढं करा. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. धावताना घालता तेच मोजे न्या. दोन्ही पायांत बूट घालून उभे राहा, मोठ्या पायाचं माप धरा, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. टाच वर-खाली सरकायला नको. दुकानातच, नाहीतर बाहेर फुटपाथवर, थोडं धावून बघा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत. "आठ दिवसांत सैल होईल" म्हटलं तर तो बूट ठेवून द्या, दुसरा बघा. चाचणीच्या दिवशी कोरा बूट घालू नका. आणि सराव हळूहळू वाढवा. एका आठवड्यात एकदम दुप्पट धावलात तर कुठलाच बूट वाचवणार नाही. दुखणं थांबत नसेल तर दुकानदाराला नाही, डॉक्टरला दाखवा.

डेक्कन जिमखान्यावर धावणाऱ्या त्या पोरांना कोणी पर्यायच दिला नव्हता. आज आपल्यापुढे पर्याय इतके आहेत की त्यातच भंजाळून जायला होतं. शंभर वर्षांत बदललं ते एवढंच, की तेव्हा पायाला काही मिळत नव्हतं आणि आता पायाला कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा. मध्यम किमतीचा, पायाला बसणारा बूट घ्या, आणि उरलेल्या पैशात दोन महिन्यांची अंडी, केळी, शेंगदाणे येतील. १६०० मीटरला ते जास्त कामी येतं.

एपिसोड आवडला तर मैदानावरच्या तुमच्या ग्रुपमध्ये टाका. भरती देऊन राहिलेल्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!