राजचिन्हे, मुंबईतील

राजा किंवा राणी हे देशाचे प्रतीक असावे की नसावे, हा वाद मुंबईत मुख्यतः पुतळे, वास्तू आणि त्यांची नावे यांवरून रंगला. महाराष्ट्रात शिवछत्रपतींचे स्मरण आधीपासून जागते होते. त्यामुळे राजसत्ता हवी की नको यापेक्षा राजा कोणाचा, या प्रश्नाला येथे अधिक धार होती.

व्हिक्टोरियाचा पुतळा : मॅथ्यू नोबल याने पांढऱ्या संगमरवरात घडविलेला हा पुतळा बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी शहराला भेट दिला. १८७२ मध्ये व्हाइसरॉय नॉर्थब्रुक याने त्याचे अनावरण केले. १८९६ मध्ये दामोदर हरी चापेकर यांनी पुतळ्याला डांबर फासले व जोड्यांची माळ घातली. माळ काढता आली. डांबर मात्र दगडात मुरले होते. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी ते डाग काढून दाखविले. संगमरवराच्या स्वच्छतेच्या इतिहासात ही कामगिरी मोलाची असून कलेतिहासकारांनी तिची पुरेशी दखल घेतलेली नाही. २२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, तो याच राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा दिवस होता. या हत्येबद्दल १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदरपंतांना फाशी झाली. पुतळा आज भायखळ्याच्या राणीच्या बागेच्या परिसरात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहे.

काळा घोडा : युवराज असताना एडवर्डने (पुढे सातवा एडवर्ड) १८७५-७६ मध्ये मुंबईला भेट दिली. तिच्या स्मरणार्थ अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा दिला. शिल्पकार जोसेफ एडगर बोएम. १९६५ मध्ये तोही राणीच्या बागेत नेला. राजा आणि घोडा दोघेही गेले, तरी चौकाचे नाव लोकांच्या तोंडी टिकले. २०१७ मध्ये तेथे नवा घोडा उभारला, तोही स्वाराशिवाय.

१९२१ : युवराज (पुढे आठवा एडवर्ड) १७ नोव्हेंबरला मुंबईत उतरला, त्या दिवशी बहिष्कार, परदेशी कापडाची होळी व दंगल झाली. दोनच दिवसांनी पुण्यात त्याच युवराजाच्या हस्ते शिवस्मारकाची कोनशिला बसली. पुढाकार कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा. ही निष्ठा होती की मुत्सद्देगिरी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. विनायक पांडुरंग करमरकर यांनी घडविलेला तेथील ब्राँझचा अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये उभा राहिला. घोड्याची चाल आणि स्वाराची बैठक यांचा असा मेळ मराठी शिल्पकलेत त्याआधी साधलेला नव्हता. प्रस्तुत नोंदीतील कलादृष्ट्या सर्वश्रेष्ठ कृती हीच.

गेट वे ऑफ इंडिया : पंचम जॉर्ज व मेरी १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरले, त्याचे हे स्मारक. वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट. उद्‌घाटन ४ डिसेंबर १९२४. याच कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण निघून गेली. समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ रोजी उभारला गेला. प्रजासत्ताक दिनी एका राजाच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि त्यात कोणालाही विसंगती दिसली नाही. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लागू नये अशी ज्याची कीर्ती, तो राजा लोकांनी आपल्या स्वराज्याचा पूर्वज मानला होता. त्याच्या वंशाच्या गादीशी या प्रतीकाचा संबंध उरला नव्हता. फुल्यांनी १८६९ मध्ये पोवाडा रचून शिवाजीला ‘कुळवाडीभूषण’ म्हटले. १८९६ च्या रायगडावरील उत्सवामागे टिळकांची दृष्टी निराळी होती. दोन्ही धारा आजही वाहत आहेत.

नामांतरे : व्हिक्टोरिया टर्मिनस, १९९६, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, १९९८, सहार विमानतळ, १९९९. तिन्ही शिवाजी महाराजांच्या नावे. २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रूस काढून शिवमुद्रेवरून प्रेरित अष्टकोन घेतला.

उपनगरे : ब्रिटिश राजचिन्हे मुख्यतः किल्ला भागात होती, जोगेश्वरी, अंधेरीकडे राजपद आढळते ते पदव्यांतून. जोगेश्वरी पूर्वेच्या महापालिका रुग्णालयाच्या नावात ‘हिंदुहृदयसम्राट’ ही बाळासाहेब ठाकरे यांची पदवी आहे.

संस्थानिक : मान्यता व तनखे १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने रद्द.