शालेय नाटक आणि ऐकण्याची कला : रत्नागिरीच्या संदर्भात

शाळेतील नाटकाने मुलाला काय दिले, असे विचारले की ठरलेली उत्तरे मिळतात. सभाधीटपणा आला, पाठांतर सुधारले, उच्चार स्वच्छ झाले. ही उत्तरे खोटी नाहीत, परंतु ती वक्तृत्वस्पर्धेलाही तितकीच लागू पडतात. केवळ नाटकच शिकवू शकेल असे अभिनयकौशल्य कोणते? रत्नागिरीच्या नाट्यपरंपरेकडे पाहिले असता या प्रश्नाचे एक उत्तर हाती लागते, असे आम्हांस वाटते.

शाळेच्या रंगमंचाआधी या भागातील मुलाने अभिनय पाहिला तो नमन-खेळ्यांत. शिमग्याच्या सुमारास मृदंग आणि झांजेच्या साथीवर नमन होते, मग गण, गवळण आणि पुढे वग. संकासुर येतो, राधा-कृष्ण येतात, स्त्रीभूमिका पुरुषच करीत आले. दक्षिणेकडे दशावताराची परंपरा; १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत तो मुलूखही रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले असते, पात्रांचे प्रवेश ठरलेले असतात, संवाद मात्र नटाने उभ्या जागी रचावयाचे. अशा नटाचे पहिले भांडवल वाणी नव्हे, कान होय. समोरचा नट काय बोलला हे नीट ऐकले नाही, तर उत्तर द्यायचे कशाला?

मराठी नाटकाचा आरंभही याच रीतीने झाला. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा पदे सूत्रधार गात असे आणि नट प्रसंगानुरूप भाषणे करीत. पुढे इंग्रजी शिक्षण घेतलेल्या पिढीने नाटक लिहून काढण्यास प्रारंभ केला. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ सालचे. अशा नाटकांना ‘बुकिश’ म्हटले जाई. शाळेतील नाटक हे या बुकिश परंपरेचेच अपत्य होय. हातात वही, दिग्दर्शनास शिक्षक, विंगेत प्रॉम्प्टर.

या बदलाने पुष्कळ काही दिले. घरी संगमेश्वरी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतील दीर्घ वाक्य श्वास न तुटता म्हणता येऊ लागले. लेखकाचा शब्द आपल्या सोयीने बदलायचा नसतो, ही शिस्त अंगी बाणली. परंतु काही गमावलेही. वहीत आपले वाक्य अधोरेखित केलेला मुलगा इतरांची वाक्ये ऐकेनासा होतो. त्याला हवा असतो तो सहकलाकाराच्या वाक्याचा केवळ शेवटचा शब्द. तो आला की आपले बोलून मोकळे व्हायचे. दोन मुले शेजारी उभी राहून आपापले भाषण म्हणतात, आणि संवाद असा होतच नाही.

पाठ केलेला शब्द आणि उत्स्फूर्त शब्द यांच्या या ओढाताणीतूनच एक लोकप्रिय नाटक जन्मास आले. राजापूर तालुक्यातील माडबनचे गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले, आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयासह त्याचे हजारो प्रयोग झाले. गावकरी पौराणिक नाटक बसवितात आणि भारदस्त संवादांतून मालवणी डोके वर काढते, हे त्यातील विनोदाचे मूळ. आपण या नाटकास हसतो; पण त्या फजितीत एक गोष्ट शाबूत असते, ती म्हणजे रंगमंचावरील माणसे एकमेकांचे ऐकत असतात. कोणी चुकला की दुसरा त्यास तत्काळ उत्तर देतो.

आज प्रश्न निकडीचा झाला आहे तो यासाठी. अनेक स्नेहसंमेलनांत नाटकाची जागा चित्रपटगीतांवरील नृत्यांनी घेतली आहे. जेथे नाटक उरले आहे, तेथेही कित्येकदा संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि मुले केवळ ओठ हलवितात. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो, चूक होत नाही, पालक समाधानाने परततात. परंतु ध्वनिमुद्रित वाक्याला उत्तर द्यावे लागत नाही. सहकलाकार अडखळला तर त्यास सावरून घेण्याची वेळ येत नाही. अभिनयातील जो भाग माणसाला माणसाकडे लक्ष द्यावयास शिकवितो, नेमका तोच वजा होतो.

शिक्षकांना आमचे सुचविणे एवढेच की, संहिता पाठ झाल्यावर निदान एक तालीम वही मिटून घ्यावी. प्रसंग तोच ठेवावा आणि मुलांना घरच्या बोलीत, सुचेल तसे बोलू द्यावे. प्रथम गोंधळ होईल. पण मुले एकमेकांकडे पाहू लागतील, आणि नंतर लेखकाच्या मूळ शब्दांकडे परतताना ते शब्द कोणास उद्देशून आहेत, हे त्यांना उमगलेले असेल.