एक चूल, एक तिजोरी : श्रीरामपूरचं मिशनरी घर

विल्यम कॅरी हे नाव आपल्याला ठाऊक आहे ते १८०५च्या मराठी व्याकरणामुळे आणि १८१०च्या मराठी कोशामुळे. आज मात्र आपण त्यांच्या पुस्तकांकडे नाही, घराकडे पाहणार आहोत. परमुलखात मिशनरी कुटुंब तगतं कशाच्या बळावर, हा आजचा प्रश्न.

१७९३ साली कॅरी इंग्लंडहून भारताला निघाले, तेव्हा पत्नी डॉरथीने यायला साफ नकार दिला होता. ती गरोदर होती. जहाजाला उशीर झाला, तेवढ्यात बाळंतपण झालं. शेवटी, धाकटी बहीण सोबत येणार असेल तर येते, असं म्हणून ती तान्हं मूल घेऊन निघाली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. बहीणही लग्न करून वेगळी झाली. डॉरथीचं मन जे ढासळलं, ते सावरलंच नाही. १८०७मध्ये ती वारली. मधली जवळजवळ बारा वर्षं ती भ्रमिष्ट होती. तिला खोलीत कोंडून ठेवावं लागे. आपलं ते व्याकरण याच वर्षांतलं, बरं का.

आणि मुलं? वडील कामात, आई अशी. पोरं मोकाट सुटली होती.

१८००च्या जानेवारीत कॅरी कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरला आले. तिथे तेव्हा डॅनिश अंमल होता. कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी तिथे चक्क एकत्र कुटुंब मांडलं. एक चूल, एक तिजोरी. कॅरींचा फोर्ट विल्यम कॉलेजातला पगारसुद्धा सामाईक खात्यात जायचा. दर शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून आठवड्याचे रुसवेफुगवे मिटवायचे, असा नियम होता. हॅना मार्शमन शाळा चालवायची, स्वतःची मुलं वाढवायची, आणि कॅरींच्या मुलांना वळण लावलं तेही तिने आणि वॉर्डने.

इतिहासात या तिघा पुरुषांना 'श्रीरामपूरचं त्रिकूट' म्हणतात. आम्हाला वाटतं, चौथं नाव हॅनाचं घ्यायला हवं आणि पाचवं डॉरथीचं. मिशनरी घरं त्यागावर उभी राहिली, असं आपण सहज म्हणून जातो. इथे घर उभं राहिलं ते एकट्याला न पेलणारं ओझं चौघांनी उचललं म्हणून. मुलं सावरली. डॉरथीपर्यंत मात्र ती माणसं पोचली, तेव्हा पीटरला जाऊन पाच वर्षं उलटून गेली होती.